तांब्याला कुंकू

भिवंडीत खंडेनवमीला मोडक्या लूमलाही झेंडूचा हार मिळतो. मग शेजारच्या वळ गावच्या गोदामातल्या वल्लरीच्या यंत्रानेच काय पाप केलं होतं? बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, हायड्रोजनबरोबर तांब्याच्या गोळ्यांवरून फिरवायचा, की पलीकडून मिथेनॉल टपकतं. दसरा उलटला की पैसे गुंतवणारे पाहुणे ते बघायला येणार होते. जमलं तर मोठं यंत्र. नाहीतर इथे पुन्हा कुरियरची खोकी, असं गोदामाचे मालक असलेल्या शेठनी सांगूनच टाकलं होतं.

पूजेसाठी यंत्र थंड करून वल्लरीने ऑपरेटर भरतला बजावलं, "हार बाहेरूनच घाल. झाकण उघडायचं नाही. आतल्या तांब्याला हवा लागली की ते जळतं." आणि ती शेठना आणायला फाटकाकडे गेली.

मागे राहिले तिचे वडील, निवृत्त हेडमास्तर माधव गुरुजी. लेकीच्या यशात आपला वाटा किती, हे कुणी न विचारता सांगणारे. हातात कुंकवाची वाटी.

"पत्र्याला कसलं कुंकू लावतोस रे? सोनार काय शटरची पूजा करतो?"

"म्याडम न्हाय म्हनल्यात, गुरुजी."

"आणि मॅडमला पाटीवर श्री गिरवायला कुणी शिकवलं?"

भरत लहानपणी पाड्यावरून त्यांच्याच शाळेत यायचा. गणित कच्चं राहिलं, पण गुरुजींना नाही म्हणायचं नाही हा धडा पक्का झाला होता. त्याने बोल्ट सोडले. गुरुजींनी वाकून चिमूटभर कुंकू आत टाकलं. बघता बघता नळी हात लावू देईना, आणि गोळ्या काळ्या ठिक्कर पडल्या.

"कुणी उघडलं?" शेठनी आल्या आल्या विचारलं.

वल्लरीने बाबांच्या हातातली वाटी पाहिली. गुरुजी झेंडूच्या हाराचं फार बारकाईने निरीक्षण करत होते. तिने मनात जमाखर्च मांडला. घरचा माणूस आत घेतला म्हटलं की दोष आपला, आणि यंत्रही गेलं. दुसरं नाव घेतलं तर एकच माणूस जातो.

"भरतने," ती म्हणाली.

"व्हय, मीच उघडलं," भरत म्हणाला, आणि गुरुजींकडे बघत थांबला. गुरुजी चष्मा पुसायला लागले.

शेठ तिला म्हणाले, "यंत्राची चूक नाही ना, मग पाहुण्यांना पुढची तारीख देतो. नव्या गोळ्या भरा. आणि तू रे, उद्यापासून येऊ नकोस."

भरत चपला घालून गेला. पाड्यावर जाणाऱ्या टेम्पोला अजून वेळ होता, तरी तो चालतच निघाला.

परतताना रिक्षात गुरुजींनी कुंकवाची वाटी रुमालात बांधली.

"आता माणूस नीट पारखून घे," ते म्हणाले. "थोडा शिकलेला. आणि मुख्य म्हणजे, सांगितलेलं ऐकणारा."

"हो, बाबा," वल्लरी म्हणाली.