आईचा चिंचोका

स्पृहा माझी धाकटी बहीण. फोटोग्राफीतलं तिला ओ की ठो कळत नाही. तरी यंदा आमच्या दादरच्या मंडळाच्या निसर्ग-छायाचित्रांच्या प्रदर्शनात बाईसाहेबांनी मोबाइलवर काढलेला फोटो दिला. मी, मधुरा, सहा वर्षं कॅमेरा गळ्यात अडकवून वणवण फिरतेय, त्याचं काहीच नाही!

आमच्याकडे परीक्षक नसतात. फोटोखाली नाव नाही, फक्त नंबर. दारात प्रत्येकाला एक चिंचोका मिळतो, तो आवडलेल्या फोटोपुढच्या वाटीत टाकायचा. स्वतःचा नंबर फोडायचा नाही. बक्षीस गेलं खड्ड्यात, मला आईचा चिंचोका हवा होता. लहानपणापासून कौतुक म्हणजे स्पृहाचं. तिची रांगोळी, तिचा आवाज, तिच्या पोळ्यासुद्धा!

स्पृहाबरोबर फिरता फिरता अकरा नंबरपाशी मी थबकले. भोईवाड्याची आमची जुनी चाळ, मागची भिंत, पाइपाच्या खाचेत उगवलेला पिंपळ, आता पार गच्चीपर्यंत गेलेला. त्याला पाणी मी घालायचे. रोज, शाळेत जाताना. स्पृहा तेव्हा पाळण्यात होती! मीच तिला हे सगळं सांगितलं आणि ही बया जाऊन फोटो काढून आली. अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यात फोटो चांगला होता.

तेवढ्यात आई काठी टेकत आली आणि आम्हा दोघींच्या मधे उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग पदराने डोळे पुसले.

"हा आमच्या मधुराचाच," ती म्हणाली. "तिच्याशिवाय कोणाला आठवणार हे झाड? वेडी, स्वतः उपाशी शाळेत जाईल, पण ह्याला पाणी घालेल."

आणि चिंचोका वाटीत टाकला.

मला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा आईने स्पृहासमोर माझं कौतुक केलं होतं, आणि तेही स्पृहाच्या फोटोवरून.

स्पृहाचा चेहरा एवढासा झाला. "ताई, सांग ना तिला," ती पुटपुटली.

नाही सांगितलं. बरंच वाटलं मला, खोटं कशाला बोलू? आईचा हात धरून मी तिला पुढे नेलं. बारा नंबर माझा होता. तीन रविवार पहाटेपासून शिवडीच्या खाडीकाठी उभं राहून मिळवलेले फ्लेमिंगो.

आईने चष्मा सारखा केला.

"हा कोणाचा गं? नुसतं गुलाबी गुलाबी. चल, पाय दुखायला लागले."