हळदीचं कुंकू आणि भूमितीच्या बाई

शनिवारची अर्धी शाळा सुटायच्या आतच सगळं गाव मारुतीच्या पारावर लोटलं होतं. सोयाबीनची काढणी खोळंबली होती, ती खोळंबू दे. चमत्कार काही रोज होत नाही. रेणापूरच्या बाजारात नाव गाजलेले मृत्युंजय महाराज आमच्या गावातली करणी शोधायला आले होते.

त्याचं असं झालं, की आदल्या आठवड्यात शाळेतली खिचडी खाऊन अकरा पोरांना उलट्या झाल्या. डॉक्टरांनी सलाईन लावली, दोन दिवसांत पोरं हुंदडायला लागली. पण औषधानं बरं होणं गावाला फारच साधं वाटलं असावं. खिचडी शिजवणारी सरजाबाई म्हातारी, एकटी, मागंपुढं कुणी नाही. करणीला याहून सोयीचं माणूस कुठलं? सरपंच ग्यानोबानं जाहीर केलं, महाराजांनी दोष दाखवला तर बाईनं उद्यापर्यंत गाव सोडायचं.

मी निवृत्त पोस्टमन. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, हे मी घरात बसून नेहमी सांगतो. पारावर मात्र गुपचूप बसलो होतो.

महाराज मोठे प्रेमळ निघाले. आल्या आल्या सरजाबाईला म्हणाले, "माय, तुझ्या हातचा एक बार दे." तिनं तळहातावर तंबाखू घेतली, डबीतला चुना अंगठ्यानं लावला आणि मळून दिली. महाराजांचा साधेपणा बघून लोक गहिवरले.

मग गर्जना झाली. "जो करणी करतो, त्याच्या अंगठ्यावर हळदीचं कुंकू होतं! एकशेआठ गावांत झालंय, एकदाबी चुकलं न्हाई!" एकशेआठ गावांत एकाही सरपंचाचा अंगठा तपासायची गरज महाराजांना पडली नव्हती, हे ते सांगायचं विसरले.

त्यांनी सरजाबाईच्या अंगठ्याला ओली हळद फासली. पिवळी हळद बघता बघता लालभडक झाली. बाया किंचाळल्या, पुरुष दोन पावलं मागं सरकले.

"म्या काईबी केलं न्हाई बगा," सरजाबाई म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, त्याची मला आजही लाज वाटते.

तेवढ्यात नववीला भूमिती शिकवणाऱ्या धम्मप्रिया बाई गर्दीतून पुढं आल्या.

"महाराज, करणी असेल तर अंगठा लाल होतो. हे वादापुरतं मान्य. पण अंगठा लाल झाला तर करणीच असते, हे कुठं सिद्ध केलंत?"

"दोन्ही एकच झालं की!"

बाई लोकांकडं वळल्या. "चौरस असला तर चारी बाजू सारख्या. मग चारी बाजू सारख्या असल्या तर चौरसच असतो का?"

"हाव!" सरपंच ठासून म्हणाला.

"न्हाई की," मागून शरणम्मा बोलली. तिच्या हातचा फराळ गावभर जातो. "शंकरपाळीच्या बी चारी बाजू सारख्याच कापतो आमी. ती कुठं चौरस असती?"

"शाब्बास! याला भूमितीत व्यत्यास म्हणतात. वाक्य खरं असलं तरी ते उलटं फिरवल्यावर खरं राहीलच असं नाही. ते वेगळं सिद्ध करावं लागतं. महाराज, करणी न करणाऱ्या किती जणांना हळद लावून बघितलीत?"

महाराजांनी डोळे मिटले. ते समाधीत गेलेले बघून बाई माझ्याकडं आल्या. "काका, अंगठा द्या."

मी नुकताच बार भरला होता. हळद लागली आणि माझाही अंगठा लाल झाला. पाठोपाठ सरपंचाचा झाला. मग हौसेनं पंधरा-वीस जण पुढं आले. पाच मिनिटांत गावातली निम्मी कर्ती माणसं करणी करणारी ठरली. तंबाखूला कधी न शिवलेल्या शरणम्माचा अंगठा तेवढा पिवळा राहिला.

"आता या सगळ्यांनीच उद्या गाव सोडायचं का, सरपंच?" बाईंनी विचारलं. "हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू असंच तर करतात. म्हणून यांनी आधी बार मागितला. आता वर लिंबू पिळा, परत पिवळी होईल."

लिंबं महाराजांच्याच झोळीत निघाली. पिळली, आणि सरजाबाईचा अंगठा पिवळा झाला. येण्याआधीच बाईंनी पोलिसांना फोन केला होता. जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराजांना ठाऊक असावा, कारण गाडीचा आवाज येताच त्यांची समाधी मोडली.

"मंग पोरांला कशानं झालं?" सरपंचानं विचारलं.

"खिचडीवर पोरं पाणी पितात, त्या शाळेच्या टाकीत कुणी डोकावून बघितलं का?"

दोघंजण शाळेकडं पळाले आणि टाकीवर चढले. आत कबूतर मरून फुगलं होतं. टाकी धुवायचं काम ग्रामपंचायतीचं होतं. सरपंचाला अचानक घरचं काम आठवलं.

सरजाबाईनं पदराला अंगठा पुसला. "बाई होत्या म्हणून वाचले. नसत्या तर?"

बाई त्या दिवशी रजेवर असत्या, तर ही म्हातारी बोचकं घेऊन रस्त्याला लागली असती आणि आम्ही सगळे घरी जाऊन पोटभर जेवलो असतो. गावोगाव भूमितीच्या बाई कुठून आणायच्या? म्हणून कुणाला गावाबाहेर काढायचं ठरत असेल, तर एवढंच विचारा, या गोष्टीला दुसरं काही कारण असू शकतं का? आणि उत्तर मिळेपर्यंत त्या माणसाच्या शेजारी जाऊन उभं राहा.