खापराला विसावा, आणि कमलअक्काला?

मित्रांनो, मी एक जुनं खापर आहे आणि तव्याची मला अजिबात भीड नाही. हातभर रुंद पोळी त्याने भाजून दाखवावी! सोनगीरच्या लोटन कुंभाराने मला घडवलं ते मडक्यासारखं, पण माझं नशीब पालथं. चुलीवर पालथं पडायचं आणि पाठीवर पुरणपोळ्या भाजून घ्यायच्या, हेच माझं काम.

धुळ्यातल्या आमच्या गल्लीत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या सगळ्या लेकींना आमरसासोबत माझ्याच पाठीवरची पोळी लागते. ती करते कमलअक्का. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पोळी खेळवत मोठी करते आणि अलगद माझ्यावर टाकते. बाकी वर्षभर माझा मुक्काम माळ्यावर, कोळ्यांच्या शेजारी. तरी तक्रार नाही.

कमलअक्का मला फार जपते. दहा पोळ्या झाल्या की लाकडं मागे ओढते. "खापरले इसावा द्या लागस, नहीते तडकी जाई," असं पोरींना बजावते. स्वतः मात्र पहाटेपासून नुसत्या चहावर.

गेल्या आखाजीला पंधरावी पोळी हातांवर असतानाच तिला घेरी आली. पोळी फाटून चुलीत पडली. तीही पडली असती, पण पोळ्या बघायला आलेल्या शेजारच्या धापूबाईंनी तिला दंडाला धरून मागे खेचलं. खापराला काळीज नसतं म्हणणाऱ्यांनी तेव्हा माझ्याजवळ असायला हवं होतं.

"सकाळपासून काय खाल्लंस?" धापूबाईंनी विचारलं.

"बठ्ठासनं जेवण व्हऊ द्या, काकी. मंग मी खासू."

धापूबाई किराणा दुकानवाल्या मारवाड्यांच्या. पर्युषणात आठ-आठ दिवस उपास करणाऱ्या. त्या कडाडल्या, "मी उपास करते तो नेम घेऊन. तुझा हा कुठला उपास? खापराला विसावा देतेस, मग स्वतःला का नाही?"

कमलअक्का ओशाळली. तिची लेक नूतन पोळी आणि रसाची वाटी घेऊन समोर बसली. "खाय, माय. आम्ही थांबतस."

लेकी अर्धा तास थांबल्या. कुणाचं काही बिघडलं नाही. उलट नंतरच्या पोळ्या जास्त मोठ्या झाल्या, हे माझ्या पाठीला विचारा.

यंदापासून नेमच झाला. पहिली पोळी नैवेद्याची. मग लाकडं मागे ओढली की कमलअक्काचं ताट पुढे येतं. ती सावकाश जेवते आणि मी शेजारी दम खातो. मला फार बरं वाटतं.

मित्रांनो, सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारं तुमच्याही घरात कुणी असेल. त्यांना आधी बसवा. आणि ते तुम्हीच असाल, तर लाजू नका, बसा. मला तडा गेला तर सोनगीरला दुसरं खापर मिळेल. कमलअक्का कुठल्याच कुंभाराकडे मिळत नाही.