आवाजाच्या फायलीतली ओळ

नववा नियम लिहिला तेव्हा दर्शन शिवलकरला वाटलं होतं, आपण मोठं शहाणपणाचं काम केलं.

झैन आणि तो शाळेपासूनचे मित्र. झैनचे अब्बा, अलीचाचा, कुवेतला नोकरीला होते. एका सुट्टीत त्यांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला आणि राजिवड्यातल्या त्यांच्या घरात दोघांचं लहानपण त्याच्यासमोरच गेलं. पुढे तो बिघडला, बाजारातही मिळेनासा झाला. मग त्याचे खेळ आजच्या कॉम्प्युटरवर जसेच्या तसे चालावेत म्हणून, तिशीच्या आसपास, दोघे एम्युलेटर, म्हणजे तसा प्रोग्राम, लिहायला बसले. चित्राची बाजू दर्शनने घेतली, आवाजाची झैनने. कोडमध्ये मधे मधे खुलाशाच्या ओळी लिहायच्या असतात, कॉमेंट्स म्हणतात त्यांना. त्या दोघे बिनधास्त मराठीत लिहायचे. ‘इथे हात लावलास तर बघ.’ ‘हे का चालतं कळत नाही, पण चालतं.’

प्रकल्प इंटरनेटवर खुला केला, तशी पोलंड, ब्राझील, कुठकुठची माणसं मदतीला आली. सगळ्यांचं कोड एकसारखं दिसायला हवं, म्हणून नियमावली आली. कंस कुठे उघडायचा, ओळ किती आत सरकवायची, नावं कशी द्यायची. आठ नियम दोघांनी राजिवड्याच्या ओट्यावर भांडून भांडून ठरवले. नववा दर्शनने एकट्याने घातला: कॉमेंट इंग्रजीतच, आणि कामापुरतीच. झालं होतं एवढंच, की पोलंडच्या एकाने विचारलं, ‘या अक्षरांत काय लिहिलंय?’ दर्शनला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

रविवारी सकाळी तो जुन्या कॉमेंट्स साफ करायला बसला. आवाजाच्या फायलीत एक ओळ आली: ‘आज अब्बांनी सूर ओळखला.’

ती कधीची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अर्धांगवायूने अलीचाचांची वाचा गेली होती. झैन सात महिने त्यांच्या खाटेशी लॅपटॉप घेऊन बसायचा. एका दुपारी गेम सुरू होतानाची धून बरोबर वाजली आणि चाचांनी चांगल्या हाताच्या बोटाने चादरीवर ताल धरला. पाचव्या दिवशी ते गेले. कब्रस्तानात दर्शन झैनच्या शेजारी उभा होता.

त्याने ओळीचं इंग्रजी केलं. ते विचित्र दिसायला लागलं. थोड्या वेळाने त्याने ती ओळच काढून टाकली.

गुरुवारी प्रकल्पावर काम करणाऱ्यांच्या यादीतून झैनचं नाव गेलं. त्याचं त्यानेच काढलं होतं. फोन उचलेना, तेव्हा दर्शन त्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेला.

“नाव का काढलंस?”

झैन एक फोन उघडून बसला होता. “अब्बांची ओळ कुठे गेली?”

“सुटली असेल रे नजरेतून. शेकड्यांनी होत्या. आत्ता परत टाकतो.”

झैनने चिमटा खाली ठेवला. “प्रत्येक बदलाची नोंद राहते, दर्शन. दहा वाजता तू तिचं इंग्रजी केलंस. पावणेअकराला खोडलीस. नजरेतून कुठे सुटली?”

“नियम सगळ्यांना सारखा म्हणून...”

“तो तुझा नियम. मला विचारलंस?” झैनचा आवाज चढला नाही. “परक्याने खोडली असती तर मी भांडलो असतो. तू आमच्या घरातला होतास रे.”

गिऱ्हाईक आलं. झैन त्याच्याकडे वळला.

दर्शनने ओळ होती तिथे परत घातली. नववा नियम रद्द केला, सगळ्यांची माफी मागितली. कोणाचीच हरकत नव्हती. पोलंडच्या माणसाने लिहिलं, ‘मला ती अक्षरं आवडली होती, वाचायची कशी ते शिकायचं होतं, म्हणून विचारलं.’ झैनला दर्शनने तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

ईदला दरवर्षी झैनची आई, फरीदाचाची, सकाळीच फोन करायची. या वर्षी दुपार झाली तरी फोन आला नाही. दर्शन न राहवून आपणच गेला. चाचीने बसवलं, शिरखुर्म्याची वाटी पुढे ठेवली आणि आतल्या खोलीकडे पाहत हळूच म्हणाली, “तुमच्यात काय झालं रे? तो तर तोंड उघडत नाही. तू तरी सांग.”

तिच्या नवऱ्याची शेवटची खूण आपण पुसली होती, हे तिच्या तोंडावर कसं सांगायचं?

“कामाचंच आहे काहीतरी, चाची,” तो म्हणाला.

“मग मिटेल,” ती म्हणाली. “कामाचं काय, मिटतं.”

आत झैन पाहुण्यांशी बोलत होता, मोकळा हसत होता. दर्शनने वाटी संपवली आणि हाक न मारता पायऱ्या उतरला.