देणाऱ्याची तपासणी

ताईने सकाळपासून इतकं पाणी ढोसलं होतं की चालताना पोटात डुचमळत होतं. या वयात कसली परीक्षेची भीती, असं म्हणणाऱ्यांनी लघवीची बाटली हातात घेऊन एकदा रांगेत उभं राहून पाहावं. धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडं बसली होती. दर दोन दिवसांआड त्याचं रक्त यंत्रातून धुऊन निघत होतं, आणि रक्तगट जुळणारं घरात एकच माणूस होतं. ताई पास झाली की तिचं एक मूत्रपिंड त्याला मिळणार होतं. नापास व्हायची ताईला सवय नव्हती. लघवी स्वच्छ दिसली म्हणजे झालं, असा तिचा सरळ हिशेब होता.

लॅबमधल्या बाईने बाटली उजेडात धरली. "मावशी, यात लघवी कुठाय?"

"आहे. नीट बघा."

बाईने नीट बघितलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी निरोप आला: उद्या उठल्याउठल्या पहिली लघवी आणा, त्याआधी पाण्याचा घोटही नको. ताईने ती आणली. मग वाट बघण्यात तिने घरातली सगळी भांडी घासून काढली, घासलेलीसुद्धा.

डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाच्या. त्यांनी आधी, "रक्त उत्तम आहे," म्हटलं. ताई ताठ बसली.

"पण लघवीतून अल्ब्युमिन जातंय. ते रक्तातलं प्रथिन, मूत्रपिंडाच्या चांगल्या चाळणीतून खाली पडायला नको."

"पहिल्या वेळी तर अगदी नितळ होती."

"पहिल्या वेळीही होतंच. आम्ही ते एकटं मोजत नाही, लघवीत नेहमीच असणाऱ्या क्रिएटिनीन या घटकाशी ताडून बघतो. पाणी दोघांनाही सारखंच पातळ करतं, मग फसणार कोण? नमुना फारच पातळ होता, म्हणून फक्त खात्री करून घेतली."

"पण मला काही होत नाही. सूज नाही, दुखणं नाही."

"या दुखण्याची सुरुवात अशीच असते, गुपचूप. गुडघ्यासाठी गोळ्या घेता?"

"अधूनमधून."

"म्हणजे कधी?"

"दुखतं तेव्हा."

"आणि दुखतं कधी?"

"रोज."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मूत्रपिंडं बिघडवणाऱ्या त्या गोळ्या आजपासून बंद, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि मूत्रपिंड देण्याचा विषय संपला, असं त्यांनी एका दमात सांगितलं.

"थोडं गळकं असलं तरी चालेल की," ताई म्हणाली. "त्याची तर दोन्ही बंदच आहेत."

"दिलंत तर वर्षा-दोन वर्षांत त्या यंत्रापाशी त्याच्या शेजारच्या खुर्चीत तुम्ही असाल. त्याला ते चालेल का, विचारा."

धाकटा खालच्याच मजल्यावर होता. डावा हात नळ्यांना जोडलेला, अंगावर चादर, चेहऱ्यावर नेहमीचा आगाऊपणा.

"काय गं, किती टक्के पडले?"

"रिपोर्ट आले नाहीत अजून." ताई चष्मा पुसू लागली.

"खोटं बोलतेस. लहानपणी चष्मा नव्हता तेव्हा नाक पुसायचीस."

मग ताईने सांगून टाकलं. पाणी ढोसल्याचंही सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं, पण तो हसला नाही. यंत्राचा पंप गरगरत राहिला. पलीकडच्या खुर्चीतल्या माणसाने उगाच पेपराचं पान उलटलं.

"गोळ्या सोडल्यास?" त्याने विचारलं.

"आत्ता तर सांगितलंय."

"तर मग आत्ताच सोड. तुला निदान वेळेवर सांगणारी बाटली तरी मिळाली, ताई. मला एकदम ही खुर्चीच मिळाली."

"माझं राहू दे. तुझं काय आता?"

"मूत्रपिंडासाठीच्या रांगेत नाव आहे ना."

"रांग केवढी आहे?"

"तू आधी बस."

"केवढी आहे ते सांग."

"बस म्हटलं ना." त्याने छताकडे बघितलं. आवाजातला आगाऊपणा निघून गेला होता. "भीती वाटते गं. थोडा वेळ बस."

आजवर धाकट्याने सांगितलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं. तिने स्टूल ओढलं, बसली आणि त्याचा मोकळा हात हातात घेतला. तो हात गार होता. तिचाही काही फारसा गरम नव्हता.