रेषा नसलेला अंगठा

मित्रांनो, आधी ताठ बसा. मी एक जुनी शाईची गादी आहे आणि पोक काढून बसणाऱ्यांना मी काही सांगत नाही. माझ्यापुढे आयुष्यभर माणसे वाकली, पण ती कागदावर वाकली होती. तुम्हांला तसे कारण नाही.

माझी डबी हिरव्या पत्र्याची. आत जाड लोकरीची घडी आणि वर तलम सुती कापड. लेसोथोच्या डोंगरात मी आले ती एका दुकानदाराच्या घोड्यावरून, मीठ आणि काडेपेट्यांच्या शेजारी बसून. गावच्या प्रमुखाला तिकडे मोरेना म्हणतात, मग तो पुरुष असो की बाई. आमच्या मोरेना बाई होत्या. त्यांचे नाव मादिकेलेदी. पती वारले, मुलगा लहान होता, म्हणून त्या गादीवर बसल्या, आणि एकदा बसल्यावर त्यांना उठवण्याची कोणाची छाती झाली नाही. मी आल्या दिवशी त्यांनी माझ्यावर स्वतःचा अंगठा टेकवून जुन्या पाकिटाच्या पाठीवर उठवला आणि म्हणाल्या, "स्वच्छ उठतो." माझी तेवढीच स्तुती झाली. त्यांच्या तोंडून तेवढीसुद्धा कोणाची होत नसे.

माझे काम सोपे होते. मोहोकारे नदीपलीकडच्या सोन्याच्या खाणीत जायचे, तर मोरेनांची चिठ्ठी लागे. चिठ्ठीवर शिक्का आणि शिक्क्याशेजारी जाणाऱ्याच्या डाव्या हाताचा अंगठा. हिवाळ्यात दारापासून पार पिंपर्णीसारख्या एका मोठ्या झाडापर्यंत रांग लागे. अंगावर पिनेने अडकवलेली घोंगडी, पायांत गमबूट. त्या अंगठ्यांना लोकरीच्या तेलाचा आणि दुधाचा वास असे, कारण ते सगळे गुराख्यांचे अंगठे होते.

तिकडे मुलगा सहा वर्षांचा झाला की गुरांमागे डोंगरावर जाई. मुलगी शाळेत गेली तर कोणाची गाय हरवत नाही, असे म्हणून मुलींना शाळेत धाडत. त्यातून जे व्हायचे तेच झाले. नवरा खाणीत कोणाकडून तरी पत्र लिहवून घेई आणि बायको ते घरी घडाघडा वाची. पण कायदा असा, की लग्न झालेली बाई कागदापुरती लहान मूल. तिला नोकरीचा करार करायचा, तर नवऱ्याची संमती हवी. वाचणारीची सही चालत नव्हती, आणि ज्याची चालत होती त्याला वाचता येत नव्हते. ही व्यवस्था कोणी डोके ठिकाणावर ठेवून केली असेल, असे मला तेव्हाही वाटले नाही.

मोएती पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या अंगठ्यावर भोवऱ्यासारखी सुरेख वर्तुळे होती. इतका रेखीव ठसा माझ्या कापडावर दुसरा कोणाचा टेकला नाही. दर वर्षी तो यायचा, आणि दर वर्षी त्या वर्तुळांतले एखादे फिकट झालेले असायचे. तो खडक फोडणारे यंत्र धरत असे. वीस वर्षांत खडक किती झिजला ते खाणवाले जाणोत. अंगठा किती झिजला ते मी जाणते.

मग एका हिवाळ्यात रांगच लागली नाही. खाणींनी माणसे परत पाठवली. मोएती परतला तो एक रेडिओ आणि खोकला घेऊन. गावातले पुरुष भिंतीला पाठ लावून उन्हात बसू लागले. त्याच सुमारास खालच्या सपाटीवर कपडे शिवण्याचे कारखाने उघडले. त्यांना वाचता येणाऱ्या बायका हव्या होत्या. पहाटे ट्रक येई आणि बायका चढत. घरात पापा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, कोण घोटतो, हे एकमेकांना विचारायचे नाही, असा गावातल्या पुरुषांत न बोलता ठराव झाला.

मोएतीची बायको मात्र ट्रकमध्ये चढली नाही. पहिल्या मुलीच्या नावावरून तिला मामोसिली, म्हणजे मोसिलीची आई, म्हणत. गावच्या शाळेत ती अकरा वर्षे मदतनीस होती. झाडाखाली नव्वद पोरे एकटी सांभाळायची, पण शिक्षिका म्हणून तिचे नाव कुठेच नव्हते. त्या वर्षी राजधानीतल्या अध्यापन विद्यालयाने तिला जागा दिली. वयाची अट चाळीस होती आणि तिला चाळीस पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. ही संधी गेली, तर पुन्हा नाही. प्रवेशाच्या करारावर नवऱ्याची संमती हवी होती. मोएतीने माझ्यावर अंगठा टेकवला, कागदावर उठवला, मोरेनांनी शिक्का मारला आणि कागद बसने रवाना झाला.

पंधरा दिवसांनी, मंगळवारी, तो परत आला. कोपऱ्यात लाल शाईने लिहिले होते, "पतीच्या ठशात रेषा नाहीत. ठसा ग्राह्य नाही. शुक्रवारपर्यंत स्पष्ट ठसा अथवा सही."

मोरेनांनी मोएतीला बोलावले. त्याचा अंगठा रॉकेलने पुसला, साबणाने धुतला, माझ्यावर हलकेच टेकवला, मग दाबून टेकवला. दहा वेळा उठवला. दहाही वेळा कागदावर घेवड्याच्या बीसारखा काळा, गुळगुळीत डाग. मला वाटले दोष माझा आहे. आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी मला तसे वाटले.

दारात सेल्लो उभा होता, मोएतीबरोबर खाणीत होता तो. "अरे मोएती, अंगठा खाणीतच विसरून आलास की काय?"

"तू जीभ विसरून आला असतास तर गाव सुखी झालं असतं," मोरेना म्हणाल्या.

"चिडू नका, मोरेना. मी मदतीलाच आलोय. हा घ्या माझा अंगठा. मी जमिनीवरच्या कामाला होतो, माझ्या रेषा जागच्या जागी आहेत. त्या राजधानीतल्या साहेबाला काय कळतंय कोणाचा आहे ते?"

मामोसिलीने मोरेनांकडे पाहिले आणि मग जमिनीकडे. तिला ते हवे होते, मित्रांनो. मी तिला दोष देत नाही. अकरा वर्षे आणि दोन महिने एका अंगठ्यावर अडले होते.

मोएती मात्र ताडकन उठला. "माझ्या बायकोला परवानगी सेल्लो देणार?"

"अरे, फक्त कागदावर."

"कागदावरच तर द्यायची आहे! तिथेही मीच नसेन, तर आहे कुठे मी?" त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत सगळे थांबले.

"मग सही कर," मोरेना म्हणाल्या.

"मला येत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे."

"बायको नव्वद पोरांना शिकवते. एक्क्याण्णवावा हो."

सेल्लो खो खो हसला. "बघा बघा! बायको फळ्यापाशी, नवरा पाटीपाशी!"

मोएती निघून गेला. मामोसिलीने कागदाची घडी केली. मोरेनांनी माझी डबी बंद केली, पण रोजच्यासारखी खटकन नाही. मंगळवार असा गेला.

बुधवारी सकाळी तो आपणहून आला. मोरेनांच्या अंगणात, मातीच्या भिंतीच्या आडोशाला बसला, म्हणजे वाटेवरून कोणाला दिसू नये. मामोसिली शाळा सुटल्यावर आली. तिने काडीने मातीत त्याचे नाव काढले, तिकडच्या रोमन लिपीतली पाच अक्षरे: M, O, E, T, I. त्याने गिरवले. अक्षरे आडवी पडली. त्याने पुसली, पुन्हा काढली आणि दुपार कलताना काडी मोडून फेकली.

"मी काय पोर आहे? चार हजार हात खोल उतरलोय मी. हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"मोसिलीचे बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "आपल्या वासरांच्या कानांवर खुणा कोण करतं?"

"मी करतो. दुसरं कोण करणार?"

"दुसऱ्याच्या कळपात मिसळली तर?"

"सबंध डोंगरात माझी खूण कोणी चुकत नाही."

"मग ही अक्षरं नव्हेत, पाच जनावरं आहेत. यांना तुमची खूण करायची आहे. बघा तरी."

मी खिडकीत उघडी पडून होते, म्हणून मला दिसत होते. तो मातीवर ओणवा झाला. मग पहिल्या अक्षरावर बोट ठेवून म्हणाला, "हे आपल्या गुरांच्या ठाण्यामागचे दोन कडे."

"हो."

"हा गोल दगडी गोठा. या पुढच्याला कानात तीन चिरे. हे खांबावर आडवं टाकलेलं जू." शेवटच्यापाशी त्याला हसू आले. परत आल्यापासून तो हसलेला मी प्रथमच पाहिला. "आणि ही माझी काठी."

गुरुवारी दिवस मावळेतो अंगणात कडे, गोठे आणि काठ्या यांची दाटी झाली. कोंबड्यांनी पुसले ते त्याने पुन्हा काढले. सेल्लो कुंपणावरून डोकावला. काहीतरी खोचक बोलायलाच तो आला होता, पण जमिनीवरच्या खुणा एकेक करून न्याहाळू लागला. नंतर म्हणाला, "यातलं माझं कुठलं?" मोरेना म्हणाल्या, "आधी याचं होऊ दे. मग तू ये."

शुक्रवारी बस सुटायच्या आधी मोएतीने सही केली. पहिले अक्षर बाकीच्यांच्या दुप्पट झाले आणि काठी थोडी कलली. मोरेनांनी माझ्यावर शिक्का दाबला आणि सहीशेजारी उठवला. मित्रांनो, खरे सांगते, मला थोडे लागले. वीस वर्षे तो माझ्याकडे आला होता आणि त्या दिवशी माझ्यावरून हात नेऊन त्याने पेन उचलला. पण मामोसिलीने कागद उचलून छातीशी धरला, शाई वाळायचीही वाट पाहिली नाही, तिच्या घोंगडीला डाग पडला, आणि मला वाटले, लागले तर लागू दे.

ती शिक्षिका होऊन परतली. भर दुपारी, गुरे रवंथ करायला बसली की, ती डोंगरावर जाई आणि गुराख्यांना शिकवी. दर हिवाळ्यात माझ्याकडे येणारे अंगठे कमी होत गेले. पुढे कायदाही बदलला आणि बायका स्वतःच्या नावाने सह्या करू लागल्या. मादिकेलेदी मोरेना गेल्या. त्यांच्या मुलाने मला खणात टाकले, मोडक्या कुलपाखाली. मी वाळले. कोणी उपेक्षा केली तर मी चडफडते, तसा माझा स्वभावच आहे, पण हे वाळणे मला सन्मानाचे वाटत होते.

फार काळ वाटले नाही. एके दिवशी खणाच्या फटीतून मोसिलीचा आवाज ऐकला. पंधरा वर्षे शिकलेली पोर, विद्यापीठाची पदवीधर. शिवणाचे कारखाने एकामागून एक बंद पडत होते आणि पदवीला गावात काम नव्हते. नदीपलीकडे कोणाच्या तरी घरी म्हाताऱ्यांची सेवा करायला तिला चिठ्ठी हवी होती. तिने सही केली असेल ती सुंदरच असेल. पण रांग तीच होती, मित्रांनो. आजोबा उभे राहिले, बाप उभा राहिला, त्याच झाडापर्यंत. अंगठ्याच्या जागी पेन आला, एवढाच फरक.

माझे शेवटचे काम ऐका आणि मग उठा.

नव्या ओळखपत्रांसाठी शहरातून एक तरुण अधिकारी यंत्र घेऊन आला. काचेवर बोट ठेवायचे, उजेड पडतो, माणूस कोण ते यंत्र सांगते. शाई नको, गादी नको. मोएती आता म्हातारा झाला होता. दोन पावलांवर त्याला धाप लागे. त्याने काचेवर अंगठा ठेवला. यंत्राने लाल दिवा दाखवला.

"बाबा, हात धुऊन या," अधिकारी म्हणाला.

तो नळाशी गेला, हात धुऊन आला. पुन्हा लाल. पुन्हा धुऊन आला. तिसऱ्यांदा त्याने हात घोंगडीला पुसले आणि म्हणाला, "स्वच्छच आहेत रे बाळा."

"मग यंत्राला दिसत का नाही तुम्ही?"

रांगेतून मामोसिली पुढे आली. ती आता मुख्याध्यापिका होती. "दिसत नाहीत, कारण त्या रेषा खाणीत राहिल्या. तुझ्या यंत्राला खाली पाठव, सापडतील. नाही तर तुझा फॉर्म मागच्या बाजूला वाच. मी वाचलाय."

अधिकाऱ्याने कागद उलटला. मागे बारीक अक्षरांत लिहिले होते, की ज्याचे बोट उमटत नाही त्याने गावप्रमुखासमोर सही करावी आणि शेजारी शिक्का असावा. धाकट्या मोरेनांनी खण उपसला. कुलपाखालून मी निघाले, खडखडीत कोरडी. मामोसिलीने शाळेतली शाईची बाटली आणवली आणि चार थेंब माझ्यावर सोडले. कित्येक वर्षांनी कोणी मला पाणी पाजले.

मोएतीने पेन घेतला. दोन कडे. गोठा. तीन चिरे. जू. तिथे थांबून त्याने श्वास घेतला. मग काठी, किंचित कललेली, तशीच. माझ्या शाईत भिजलेला शिक्का शेजारी बसला, आणि अधिकाऱ्याने दोन्ही हातांनी कागद घेतला.

पुढच्या हिवाळ्यात मोएती गेला.

मित्रांनो, तुम्ही लिहिता, वाचता. चांगले करता. पण घरातल्या कोणाला अंगठेबहाद्दर म्हणून हसू नका. मी असले अंगठे जवळून पाहिले आहेत. उद्या तुम्ही कुठल्यातरी टेबलामागे बसाल. समोर एखादा म्हातारा येईल आणि त्याचा ठसा उठणार नाही. तेव्हा त्याला हात धुऊन ये म्हणू नका. त्याला बसायला खुर्ची द्या आणि रेषा कुठे ठेवून आलात, ते विचारा.