हिरव्या पट्ट्या

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत सूतगिरणीची शेड उभी राहत होती, त्या उन्हाळ्यात साइटवर गारवा एकाच ठिकाणी होता आणि तो कॉम्प्युटरसाठी होता. पत्र्याच्या खोलीला वाळ्याचा कूलर, आत स्टॅबिलायझर, टेबलावर प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं मशीन. मशीन तापलं तर बंद पडतं, तेव्हा काळजी घ्यावी, असं नाशिकच्या हेड ऑफिसनं बजावलं होतं.

त्या खोलीची किल्ली अभिमन पाटलाकडे असायची. अभिमन शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यातला. धुळ्याला सिव्हिलचा डिप्लोमा करून तो कंत्राटदाराच्या कंपनीत लागला, चार साइटवर धूळ खाल्ली, आणि मग नाशिकला जाऊन कामाचं वेळापत्रक कॉम्प्युटरवर बसवायचं सॉफ्टवेअर शिकून आला. छप्पन्न सालपासून बांधकामं करणाऱ्या त्या कंपनीत असं काही पहिल्यांदाच होत होतं. त्यामुळे ही साइट त्याच्या हाती आली, साहेब म्हणून. धुळ्याच्या देवपुरातल्या भाड्याच्या खोलीत त्याची बायको मंदा शेजारणींना सांगायची, "आमचे हे गिरणी आधी कॉम्प्युटरवर बांधतात, मग जमिनीवर."

ते तसं खोटंही नव्हतं. पडद्यावर प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी असे. पाया, कॉलम, छपराचा भार घेणाऱ्या लोखंडी कैच्या, पत्रे. एक पट्टी संपली की पुढची सुरू. दर शनिवारी अभिमन प्रत्येक कामापुढे ते किती टक्के झालं तो आकडा भरायचा आणि फ्लॉपी पाकिटात घालून नाशिकच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा. काम वेळेत असेल तर पट्टी हिरवी, मागे पडलं तर लाल. नाशिकला प्रोजेक्ट मॅनेजर देवधर साहेब त्याचा लांबलचक कागद छापून भिंतीवर लावत आणि गिरणीच्या मालकांना दाखवत. मालक खूष होते. इतकी वर्षं कंत्राटदाराच्या तोंडाकडे बघत बसावं लागायचं, आता कागद बोलत होता.

एप्रिलपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग पाणी गेलं. साइटवरच्या बोअरला नुसता चिखल यायला लागला आणि जे टँकर यायचे ते सरकारनं गावांच्या पाण्यासाठी लावले. पाण्याशिवाय काँक्रीट कालवता येत नाही, आणि कालवून ओतलं तरी गोणपाट गुंडाळून ते भिजत ठेवावं लागतं, नाहीतर वरून दगड दिसतं आणि आतून भुसभुशीत राहतं. रस्त्याच्या बाजूची कॉलमची अख्खी ओळ नुसत्या सळ्या वर काढून उभी राहिली.

अभिमननं जसं होतं तसं भरलं. पट्ट्या लाल झाल्या.

सोमवारी देवधर साहेबांचा फोन आला. "पाटील, हे भिंतीवर काय रक्त सांडलंय?"

"साहेब, टँकर बंद झालेत. मी तहसील कचेरीत जाऊन आलो, पण..."

"मला कारणं नकोत. मालक उद्या येतायत. कंपनीनं तुझ्या भरवशावर हे कॉम्प्युटरचं खूळ घेतलंय. पुढच्या शनिवारी मला हिरवं पाहिजे. कसं करायचं ते तू बघ."

पुढचा शनिवार आला, पाणी आलं नाही. अभिमन पडद्यासमोर बसून राहिला. दोन आठवड्यांत पाऊस नाही तरी टँकर येतील, मग दुप्पट माणसं लावून भरून काढू, असा हिशेब त्यानं मनाशी केला आणि अर्ध्याच्या जागी ऐंशी टक्के लिहिले. पट्टी हिरवी झाली. एवढं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. देवधर साहेबांनी फोन करून शाबासकी दिली.

त्याच्या पुढच्या शनिवारी ऐंशीवरून खाली येता येईना. त्यानं शंभर लिहिले.

आपण काय करून बसलोय ते त्याला माहीत होतं, पण सॉफ्टवेअरचा एक गुण तो शिकला होता आणि विसरला होता. एक काम पुरं झालं की ते पुढचं आपोआप अलीकडे ओढून घेतं. कॉलम पुरे झाले म्हटल्यावर नाशिकच्या कागदावर कैच्यांची तारीख अलीकडे सरकली. कैच्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला निरोप गेला. भुसावळहून क्रेन ठरली. गिरणीच्या मालकांनी पहिली कैची चढवण्याचा मुहूर्त काढला. हे सगळं अभिमनला कळलं ते फोनवर, आणि त्या वेळी ओळीतल्या निम्म्या कॉलमना अजून साच्याच्या फळ्याही लागलेल्या नव्हत्या.

पाणी शेवटी आलं, पण खासगी टँकरनं, आणि ते दुपारचं. सकाळी भरायला विहिरीवर रांग लागायची. टँकर आला की त्याच वेळी काँक्रीट ओतायचं. मजुरांचा मुकादम झुलाल अहिरे म्हणाला, "सायेब, दुपारले लोखंड हातमा धरता येत नही. चार वाजता लावूत ना."

"चार वाजेपर्यंत पाणी टाकीतून पाझरून जातं, झुलालभाऊ. आताच लावा."

"आठ दिन इकडे तिकडे व्हयनात तर काय बिघडी?"

अभिमन टँकरकडे वळला. तो रोज कूलरच्या खोलीतून बाहेर येऊन उन्हात उभा राही, डोक्याला रुमाल न बांधता. आपणही भाजतोय एवढंच त्याला करता येत होतं, आणि त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

झुलालची बायको भिकुबाई घमेलं घेऊन परांचीवर चढत असताना पडली. घमेलं आधी पडलं, मग ती बसली आणि आडवी झाली. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. कुणीतरी ओरडलं, "खोलीमा न्या, थंडी खोलीमा!" तिला कूलरपुढे जमिनीवर निजवलं. अभिमननं तांब्याभर पाणी तिच्या अंगावर ओतलं. ती डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती आणि कुणालाच ओळखत नव्हती. तिच्या डोक्याशी टेबलावर पडदा चालू होता.

सिमेंटच्या ट्रकमधून तिला धुळ्याला दवाखान्यात नेलं. अभिमन सोबत गेला, दवाखान्यासमोरच्या एसटीडी बूथमधून त्यानं नाशिकला फोन लावला. आज सांगून टाकायचं असं त्यानं ट्रकमध्ये ठरवलं होतं.

"साहेब, एक बोलायचं होतं. ती कॉलमची ओळ..."

"अरे, मीच तुला फोन करणार होतो!" देवधर साहेब मोठ्यानं बोलत होते. "कैच्या निघाल्या. ट्रेलर उद्या तुझ्याकडे. आणि ऐक, पुढच्या तिन्ही साइटना आपण हेच सॉफ्टवेअर लावतोय. माणसं तू तयार करायचीस. बोल, काय म्हणत होतास?"

बूथच्या काचेतून अभिमनला झुलाल दिसत होता. तो दवाखान्याच्या पायरीवर बायकोच्या वहाणा हातात धरून बसला होता.

"काही नाही साहेब," अभिमन म्हणाला.

भिकुबाई वाचली. झुलाल तिला बहिणीकडे ठेवून चौथ्या दिवशी कामावर परत आला, कारण टोळी त्याच्यावर होती. उरलेले कॉलम तोवर ओतून झाले होते. क्रेन यायच्या आदल्या सकाळी अभिमननं स्वतः उभं राहून साच्याच्या फळ्या काढायला लावल्या. उघडे पडलेले कॉलम करडे, गुळगुळीत, सरळ होते. बाकीच्यांच्या रांगेत ते वेगळे ओळखू येत नव्हते.  टोळीनं ते ओतले होते, पण कैचीचं वजन पेलण्याइतके ते पक्के झालेले नाहीत हे फक्त त्यालाच माहीत होतं.

मुहूर्ताच्या सकाळी क्रेन रस्त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. अभिमननं क्रेनवाल्या सुपडूला गाठलं. "मागच्या बाजूनं सुरुवात केली तर?"

"मागं खड्डे आहेत साहेब, क्रेन कलंडेल. आणि बाजू बदलून काय होणार? कैचीचं एक टोक तर याच ओळीवर बसणार ना?"

ते खरंच होतं. अभिमननं कॉलमच्या डोक्यावर बसवलेल्या बोल्टकडे पाहिलं. एक एक कैची टनावारी लोखंडाची. खाली झुलालची माणसं दोर धरून तिला दिशा देणार, दोघं तिघं वर चढून नट आवळणार.

देवधर साहेब मालकांना घेऊन आले. नारळ, हार, पेढ्यांचा पुडा, फोटोग्राफर. भिंतीवरचा कागदही गुंडाळून आणला होता, तो गाडीच्या बॉनेटवर पसरला होता. सगळा हिरवा. अभिमननं साहेबांना बाजूला घेतलं. 

"साहेब, ही ओळ कच्ची आहे. ओतून आठवडासुद्धा झाला नाही. पाणीही मारलेलं नाही नीट."

"कागदावर तर महिन्याभरापूर्वी पुरी झालीय."

"मी खोटं भरलं."

 देवधर साहेबांनी मान वळवून मालकांकडे पाहिलं. मालक फोटोग्राफरला उभं कुठं राहायचं ते सांगत होते. साहेबांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "हे अजून कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही."

"मग गप्प राहा. एक कैची चढू दे, फोटो होऊ दे. ही मंडळी गेली की उतरवू."

"साहेब, खाली माणसं आहेत."

"एका कैचीनं काही होत नाही. पाटील, तू मला ज्या खड्ड्यात घातलंयस ना, त्यातून आज निघू दे. उद्या बघू."

नारळ फुटला. सुपडूनं क्रेनचा आवाज वाढवला. कैची जमिनीवरून उचलली, हळूहळू फिरत वर चढली. झुलाल आणि त्याचे लोक दोराला लोंबकळत मागे मागे सरकत त्या ओळीच्या अगदी खाली आले. दोन पोरगेले मजूर कॉलमवर माकडासारखे चढून बसले. अभिमन जागेवर उभा होता. त्याला वाटलं, होईल, एका कैचीनं काही होणार नाही. मग त्याला स्वतःचाच विचार ऐकू आला. हाच विचार त्यानं प्रत्येक शनिवारी केला होता.

तो पळत सुटला.

"झुलालभाऊ! दोर सोडा! खालथीन निंघा बठ्ठा!" घरची बोली त्याच्या तोंडून आपोआप निघाली. "वरनासले उतारा! कॉलम कच्चा शेतस! मी खोटं लिखेल शे!"

झुलालनं एकदा वर पाहिलं, एकदा त्याच्याकडे. आणि ओरडला, "सोडा रे!" माणसं दोर टाकून पांगली. वरची दोघं घसरत खाली आली, एकाच्या पोटरीची सालटं निघाली. मोकळी झालेली कैची हवेत वळली. सुपडूनं शिव्या देत ती सावरायला पाहिली, पण तिचं टोक कोपऱ्यातल्या कॉलमच्या डोक्यावर आदळलं. फार जोरात नाही. कॉलमचं डोकं ओल्या गुळाच्या ढेपेसारखं फुटलं, बोल्ट आडवा झाला आणि काँक्रीटचं ढेकूळ, जिथं क्षणभरापूर्वी झुलाल उभा होता, तिथं येऊन पडलं.

क्रेन थांबल्यावर एवढी शांतता झाली की वसाहतीपलीकडच्या रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजता आले असते.

 मालकांनी गाडीचं दार उघडलं, बॉनेटवरचा कागद उचलून जमिनीवर ठेवला आणि गाडी निघून गेली. देवधर साहेब अभिमनपाशी आले. "सामान उचल. दाखला मागायला येऊ नकोस." मग ते खोलीत गेले आणि फ्लॉप्यांचा डबा घेऊन बाहेर आले.

झुलाल त्या ढेकळाजवळ उकिडवा बसून ते बोटांनी कुस्करून पाहत होता. अभिमन जवळ गेला. आभाराची नाही, पण एखाद्या शब्दाची त्याला आशा होती.

"म्हंजे भिकी दुपारले पडनी," झुलाल वर न बघता म्हणाला, "ती तुना त्या आकडासकरता?"

इतके महिने तो अभिमनला सायेब म्हणत होता.

"हाव," अभिमन म्हणाला.

झुलाल उठला, हात झटकले आणि आपल्या माणसांकडे निघून गेला.

अभिमन ट्रंक घेऊन फाट्यावर आला. धुळ्याच्या घरी मंदानं दार उघडलं, ट्रंक पाहिली. त्यानं सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता. ती ऐकत राहिली. "तुम्ही त्यांना वाचवलं ना पण," ती म्हणाली. "तेच सांगा लोकांना."

"त्यांना त्याच्याखाली उभं कुणी केलं, तेही सांगू का?" तो म्हणाला. त्यावर ती रडायला लागली आणि त्याला तिची समजूतही घालता येईना.

कंपनीनं ती ओळ फोडून पुन्हा बांधली. फोडायचं काम झुलालच्याच टोळीला मिळालं. नवा इंजिनिअर आला, पट्ट्यांच्या तारखा पुढे सरकल्या. अभिमन जळगाव, भुसावळ, रावेरपर्यंत हिंडला. बांधकामवाल्यांच्या गोतावळ्यात बातमी त्याच्या आधी पोचलेली असे. काही जण चहा पाजून परत पाठवत, काही जण तोही नाही.

पावसाळा सरल्यावर एके दिवशी तो काही न ठरवता झुलालच्या गावी उतरला. झुलाल कामावर होता. भिकुबाई घराच्या दारात, उंबऱ्याच्या आत, सावलीत बसून शेंगा फोडत होती. ऊन लागलं की तिला चक्कर येते, ती आता बाहेर पडत नाही, असं शेजारणीनं त्याला आधीच सांगितलं होतं. तिचे हात संथ चालत होते. एक शेंग फोडून ती तिच्याकडे बघत राही, मग दुसरी उचले.

"कोन शे?" तिनं विचारलं.

"मी अभिमन. गिरणीवरना."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही ते कळेना. "बस ना भाऊ," ती म्हणाली आणि शेंगांची टोपली बाजूला सरकवली.

त्याला बसवेना.  तो उन्हात उभाच राहिला.

"गिरणी उभी ऱ्हायनी का?" तिनं विचारलं.

"ऱ्हायनी."

"मंग बरं व्हयनं," भिकुबाई म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.